चौकट, समास आणि संहिता
चित्रपटाच्या मूळ आकाराचा प्रश्न

१

राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरीत लागतो. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती, आणि त्या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा स्वतः कवी होता. सत्यभामेसाठी श्रीकृष्णाने पारिजात आणल्याची कथा सांगणारे ‘हरिविजय’ हे त्याचे महाराष्ट्री प्राकृतातील काव्य. कथेला रसानुकूल वळण देणाऱ्या प्रबंधाचे उदाहरण म्हणून आनंदवर्धनाने कालिदासाच्या कृतींबरोबर या काव्याचा उल्लेख केला, यावरून त्याची प्रतिष्ठा ध्यानात यावी. हे काव्य आज समग्र उपलब्ध नाही. भोजादी साहित्यशास्त्रकारांनी उदाहरणादाखल उद्धृत केलेल्या गाथा तेवढ्या उरल्या आहेत. साहित्यशास्त्राच्या ग्रंथांतील प्राकृत पद्ये एकत्र करण्याचे व्ही. एम. कुलकर्णी यांनी केलेले काम नसते, तर हे अवशेषही विखुरलेलेच राहिले असते.

या अवशेषांचे स्वरूप नीट पाहण्यासारखे आहे. वाळवीने जे खाल्ले नाही ते उरले, असे येथे घडलेले नाही. कोणत्या तरी अलंकाराचे वा नायिकाभेदाचे उदाहरण म्हणून जे उपयोगी पडले ते उरले. म्हणजे ‘हरिविजया’चे आज होणारे दर्शन उद्धृत करणाराच्या गरजेने आखलेल्या चौकटीतून होते. त्या चौकटीबाहेर काय होते, दोन सुंदर गाथांच्या मधली साधी, कथा पुढे नेणारी गाथा कशी होती, हे कळण्याचा मार्ग नाही.

संहितेचा काही भाग दुसऱ्या कोणाच्या सोयीने गळावा आणि उरलेल्या भागालाच पुढच्या पिढीने संहिता मानावे, हा प्रकार पोथ्यांच्या युगापुरता मर्यादित नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो चित्रपट या कलेच्या वाट्याला आला. रुंद पडद्यासाठी रचलेली दृश्ये दूरचित्रवाणी संचाच्या काचेत बसावीत म्हणून दोन्ही बाजूंनी कापली गेली. पुढे संचच रुंद झाल्यावर जुन्या, चौकोनी दृश्यांचे डोके आणि पाय कापण्याची सोय उपलब्ध झाली. या काटछाटीची चर्चा बहुधा तंत्राची किंवा ग्राहकाच्या तक्रारीची म्हणून होते. तिचे खरे स्थान पाठचिकित्सेत आहे. ज्या कृतीवर समीक्षक भाष्य करतो ती त्याच्यासमोर कोणत्या पाठाने आली, हा तो प्रश्न होय.

२

चौकटीचा इतिहास थोडक्यात असा. पस्तीस मिलिमीटर फितीवर चार छिद्रांच्या उंचीचे चित्र घेण्याची पद्धत एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सनने रूढ केली. त्या चित्राची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण ४:३, म्हणजे १.३३:१ होते. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) याच प्रमाणात घडला. बोलपट आला तेव्हा ध्वनीची पट्टी फितीच्या कडेला बसवावी लागली आणि चित्राची जागा आकसली. त्यातून १९३२ मध्ये हॉलिवूडने १.३७:१ हे प्रमाण स्थिर केले, आणि पुढची वीस वर्षे जगभरच्या बोलपटांची चौकट साधारणपणे हीच राहिली. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली व १९३३ मध्ये पुण्यास आलेली ‘प्रभात’ ही संस्था आपले वैभवाचे दिवस या जवळजवळ चौरस चौकटीत जगली.

दूरचित्रवाणीने आपल्या पडद्यासाठी चित्रपटाचेच ४:३ हे प्रमाण उचलले. अमेरिकेत प्रेक्षक घरी बसू लागला तेव्हा त्याला चित्रगृहात परत आणण्यासाठी चित्रपटाने आपली चौकट रुंदावली. हेन्री क्रेत्यँच्या भिंगावर आधारलेली सिनेमास्कोप पद्धत १९५३ च्या ‘द रोब’पासून व्यवहारात आली. रुंद दृश्य भिंगाने दाबून साध्या फितीवर घ्यायचे आणि प्रक्षेपणाच्या वेळी उलट भिंगाने पसरायचे, असे तिचे तत्त्व. काही वर्षांत तिचे प्रमाण २.३५:१ वर स्थिरावले. भारतात गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ (१९५९) हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण त्याच वर्षी, १५ सप्टेंबरला सुरू झाले. आज हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो. मुंबई केंद्र १९७२ मध्ये आले, रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये, आणि त्याच सुमारास व्हिडिओ कॅसेटचा प्रसार वाढला. घरापासून दूर जाण्यासाठी ज्या चौकटीने रुंदी धारण केली होती, तिला शेवटी घराच्याच काचेत यावे लागले.

३

येताना तिच्यापुढे दोन मार्ग होते. दृश्य पूर्ण रुंदीने दाखवून वर आणि खाली काळ्या पट्ट्या सोडणे हा एक मार्ग, काच भरून टाकून बाजू कापणे हा दुसरा. दुसऱ्या मार्गाची किंमत साध्या अंकगणिताने कळते. २.३५:१ चे दृश्य १.३३:१ च्या काचेत पूर्ण उंचीने बसवले तर त्याचा ५७ टक्क्यांच्या आसपास भाग उरतो, ४३ टक्के जातो. उरलेला भाग कोणता असावा हे ठरवण्यासाठी एक तंत्रज्ञ दृश्यावरून चौकट डावी-उजवीकडे सरकवतो, किंवा एकाच दृश्याचे दोन तुकडे करून एकापाठोपाठ एक दाखवतो. या क्रियेला पॅन अँड स्कॅन म्हणतात. तिच्यात केवळ वजाबाकी होत नाही. कॅमेरा जेथे स्थिर होता तेथे तो हलतो, आणि दिग्दर्शकाने जेथे दृश्य तोडले नव्हते तेथे ते तुटते.

‘कागज के फूल’मधील रिकाम्या स्टुडिओचा प्रसंग या दृष्टीने पाहावा. सुरेश आणि शांती एकमेकांपासून दूर उभे आहेत, वरून तिरपा प्रकाशझोत उतरला आहे, आणि व्ही. के. मूर्ती यांच्या कॅमेऱ्याने त्या दोघांमधली पोकळी जशीच्या तशी राखली आहे. प्रसंगाचा आशय त्या अंतरात साठलेला आहे. त्यांच्या छायारूप आकृती देह सोडून परस्परांकडे निघतात, तेव्हा त्या हेच अंतर ओलांडतात. काच भरण्यासाठी कापलेल्या पाठात एकतर तो दिसेल किंवा ती. दोघांना आळीपाळीने दाखवले तर एकत्र असूनही विलग असण्याची स्थिती संवादासारख्या देवघेवीत रूपांतरित होते. कवितेतील यती काढून दोन चरण गद्यात जोडावेत, तसा हा बदल आहे. आशय राहिला आणि घाट तेवढा गेला, असे म्हणून समाधान मानता येत नाही. येथे घाटच आशय होता.

या काटछाटीमागे केवळ अरसिकता होती, असे मात्र म्हणता येणार नाही. भारतात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पसरलेल्या व्हीसीडीच्या चित्रात अवघ्या २८८ आडव्या रेषा असत. सिनेमास्कोप दृश्य पूर्ण रुंदीने दाखवले तर त्यांपैकी सुमारे १६३ रेषाच चित्राला मिळतात आणि बाकीच्या काळ्या पट्ट्यांवर खर्च होतात. लहान संचावर, दहाबारा माणसांच्या घोळक्यात बसून पाहणाऱ्याला त्यात चेहरेही ओळखू येऊ नयेत. पट्ट्या म्हणजे चित्र कापले गेल्याची खूण, असा प्रेक्षकाचा समज होई. वस्तुतः चित्र न कापल्याची ती खूण होती. साधनाच्या दारिद्र्यातून निर्माण झालेली ही रुची पुढे साधन सुधारल्यावरही टिकून राहिली, हा सांस्कृतिक इतिहासाचा भाग आहे.

४

वाशीम जिल्ह्याच्या सहा तालुक्यांपैकी कारंजा हा एक. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम वेगळा झाला, त्यामुळे अभ्यासकांच्या जुन्या लेखनात कारंजा अकोला जिल्ह्यातच सापडते. येथील जैन मंदिरांतील ग्रंथभांडारांनी अपभ्रंश साहित्याच्या अभ्यासाला पाया मिळवून दिला. रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये प्रसिद्ध केली आणि या पोथ्यांकडे विद्वानांचे लक्ष गेले. त्यानंतर प. ल. वैद्य यांनी पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ (१९३१), तर हिरालाल जैन यांनी ‘णायकुमारचरिउ’ (१९३३) व ‘करकंडचरिउ’ (१९३४) संपादित केले. पुण्यात विष्णु सीताराम सुकथनकर महाभारताच्या आदिपर्वाच्या चिकित्सक आवृत्तीची तत्त्वे मांडत होते, तेही याच वर्षांत. वैद्य पुढे त्याच प्रकल्पाचे प्रमुख संपादक झाले.

या संपादकांनी हाताळलेल्या दोषांचे ढोबळ वर्ग तीन. लेखकाच्या डुलकीने वा पत्र गहाळ झाल्याने मजकूर गळतो, ती गळती. मूळ कृतीत नसलेला मजकूर आत शिरतो, तो प्रक्षेप. आणि लेखनिक आपल्या समजुतीने मजकूर सुधारतो, ते संस्करण. चित्रपटाच्या घरगुती आवृत्त्यांतील दोष याच तीन वर्गांत पडतात. बाजू किंवा डोके कापणे ही गळती आहे. पॅन अँड स्कॅन हे संस्करण आहे, कारण त्यात अनाम तंत्रज्ञ नवे संकलन करतो. प्रक्षेपाचे उदाहरण अधिक बोधक आहे. पुष्कळ चित्रपट चौरस फितीवर घेतले गेले, परंतु चित्रगृहात वरचा व खालचा भाग झाकून रुंद दाखवायचे, या हिशेबाने त्यांची रचना केलेली होती. घरगुती आवृत्तीसाठी ते झाकण काढले की चित्र वाढते. या ओपन मॅट पद्धतीत प्रेक्षकाला जास्त दिसते, आणि या जास्तीत कधी ध्वनिग्राहकाचा दांडा डोकावतो, कधी रूळ वा अपुरी भिंत. पोथीच्या समासात कोणी लिहिलेले टिपण पुढच्या लेखनिकाने मूळ ओवी समजून आत घ्यावे, तसे हे घडते. समास कृतीला लागून असतो, पण कृतीचा भाग नसतो.

म्हणून सर्वांत जास्त चित्र म्हणजे मूळ चित्र, ही समजूतही टिकत नाही. जास्त श्लोकांची प्रत अधिक जुनी वा अधिक प्रमाण असते, असे महाभारताच्या संपादकांनी मानले नव्हते. हाच विवेक येथे लागू करावा लागतो.

५

मूळ पाठ एकच असतो हे गृहीतही तपासण्यासारखे आहे. रमेश सिप्पी यांचा ‘शोले’ (१५ ऑगस्ट १९७५) या बाबतीत कसोटीचा ठरतो. तो सत्तर मिलिमीटर चित्रपट म्हणून गाजला. प्रत्यक्षात द्वारका दिवेचा यांनी त्याचे चित्रण पस्तीस मिलिमीटर फितीवर केले. रुंद चौकटीच्या सीमा कॅमेऱ्याच्या काचेवर आखून रचना होत असे, आणि नंतर दृश्य वर-खाली कापून मोठ्या फितीवर २.२:१ प्रमाणात नेले गेले. सत्तर मिलिमीटरची सोय मोजक्या शहरी चित्रगृहांत होती. मुंबईच्या मिनर्व्हात चित्रपट पाच वर्षे चालला तो अशा सोयीच्या जोरावर. इतरत्र साध्या फितीच्या प्रती गेल्या. घरगुती आवृत्त्यांतूनही ‘शोले’चे चौकोनी आणि रुंद असे दोन्ही पाठ फिरत राहिले.

म्हणजे महानगरातील आणि आडगावातील प्रेक्षकांनी दोन वेगवेगळ्या आकारांचा ‘शोले’ पाहिला असणार, आणि त्यातला चौकोनी पाठ खोटा होता असे सरळ म्हणता येत नाही. तो निर्मात्यांनीच प्रसृत केला होता. शिवाय आणीबाणीच्या काळात सेन्सॉरच्या आग्रहाने शेवट बदललेला होता. ठाकूर गब्बरला ठार करतो हा मूळ शेवट गाळून पोलिसांचा प्रवेश घडवण्यात आला. फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्स यांनी सिद्ध केलेली पुनरुज्जीवित प्रत २७ जून २०२५ रोजी इटलीतील बोलोन्या येथे दाखवली गेली. तिच्यात २.२:१ ही चौकट आणि मूळ शेवट दोन्ही आहेत. ही प्रत निर्मात्याच्या हेतूशी अधिक प्रामाणिक आहे. परंतु १९७५ मध्ये या रूपात हा चित्रपट कोणत्याही प्रेक्षकाने पाहिला नव्हता. अनेक प्रतींतून संपादकाने सिद्ध केलेली चिकित्सक संहिता कोणत्याही एका पोथीत जशीच्या तशी सापडत नाही, तसेच हे आहे.

मराठी वाचकाला हा पेच अपरिचित नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि वारकरी परंपरेने ती प्रमाण मानली. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये त्याहून जुन्या म्हणून मानलेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली. भाषेच्या इतिहासकाराला राजवाडे प्रत महत्त्वाची वाटेल. शतकानुशतकांच्या भक्तिजीवनाच्या इतिहासकाराला एकनाथांच्या पाठाकडे पाठ फिरवता येणार नाही. मूळ पाठ आणि प्रचलित पाठ या दोन वेगळ्या सत्यांच्या कोटी आहेत. एकीच्या जागी दुसरी ठेवणे हा घोटाळा होय.

६

रुंद चौकटीचे चित्रपट चौरस काचेत कापले गेले, त्याची उलट बाजू आज अधिक चिंताजनक झाली आहे. दूरचित्रवाणीचे १६:९, म्हणजे १.७८:१ हे नवे प्रमाण आता घरोघरी आहे. १.३७:१ चे दृश्य त्यात काठोकाठ भरले तर वर-खाली मिळून सुमारे २३ टक्के चित्र जाते. ते न कापता आडवे ताणले तर माणसे बुटकी आणि रुंद दिसतात. ‘प्रभात’च्या परंपरेला हा धोका थेट पोचतो.

विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला. गीता कपूर यांनी १९८७ च्या एका निबंधात या चित्रपटातील सन्मुख, मूर्तीदर्शनासारख्या रचनेचे विवेचन केले आहे. ही सन्मुखता चौकटीच्या उंचीवर उभी असते. भक्ताची दृष्टी विठ्ठलाच्या चरणांपासून मुखापर्यंत जाते, त्या दर्शनाला उभी जागा लागते. वैकुंठगमनाच्या अखेरच्या प्रसंगात गरुडविमान तुकारामांना घेऊन आकाशात चढते आणि आवली जमिनीवर राहते. वर आणि खाली ही येथे केवळ दिशा नाहीत. अध्यात्म आणि संसार या दोन अक्षांची ती मांडणी आहे. आवलीला तुच्छ न लेखता तिच्या बाजूची जमीनही तितकीच खरी ठेवणे, ही या चित्रपटाची थोरवी. आकाश आणि भूमी दोन्हींतून थोडे थोडे कापल्याने कथानकाला धक्का लागत नाही, म्हणून कोणी तक्रारही करत नाही. जाते ते एवढेच की विमान जेथून निघाले आणि जेथे गेले, त्यांच्यातील उंची कमी होते.

या संहितेचे मूळ साधनही सुरक्षित राहिलेले नाही. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींच्या कोठाराला ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात आग लागली आणि ‘प्रभात’सह अनेक संस्थांच्या मूळ फिती जळाल्या. पुष्कळ चित्रपटांच्या दुय्यम प्रती आधीच करून ठेवल्या होत्या, म्हणून ते चित्रपट वाचले. मूळ गेल्यावर दुय्यम प्रतच मूळ होते, आणि तिच्यावरून निघणाऱ्या प्रत्येक आवृत्तीत चौकट राखण्याची जबाबदारी वाढते.

७

ही जबाबदारी कोणाची, याचे उत्तर कायद्यात अर्धवट मिळते. डेन्मार्कमध्ये सिडनी पोलॅक यांनी आपल्या ‘थ्री डेज ऑफ द कॉन्डॉर’ची दूरचित्रवाणीसाठी झालेली काटछाट न्यायालयात नेली. १९९७ च्या निकालात ही काटछाट कर्त्याच्या नैतिक हक्काचा भंग मानली गेली, तरी तांत्रिक कारणाने निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम कर्त्याला आपल्या कृतीच्या विद्रूपीकरणाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क देते. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ कादंबरीवरील चित्रपटाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये या हक्काला वजन दिले. परंतु त्याच कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. दिग्दर्शकाला सहकर्ता मानण्याची तरतूद २०१० च्या विधेयकात होती, २०१२ च्या दुरुस्तीत ती राहिली नाही. म्हणजे कादंबरीकाराला चित्रपटापासून आपली कादंबरी वाचवता येते. ज्याने चौकट रचली त्या दिग्दर्शकाला किंवा छायालेखकाला मात्र ती वाचवण्याचा असा हक्क नाही.

कायदा जेथे थांबतो तेथून समीक्षेचे काम सुरू होते. महानगरातील अभ्यासकाला संग्रहालयातील प्रक्षेपण किंवा महोत्सव गाठता येतो. वाशीम, रिसोड वा मंगरूळपीर येथे बसून चित्रपटावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यासमोर येतो तो बाजारातील वा वाहिनीवरील पाठ. त्याने त्या पाठाधारे दृश्यरचनेविषयी विधान केले आणि पाठ कापलेला असला, तर चूक त्याच्या दृष्टीची नसते, तरी ती त्याच्या प्रबंधात राहते. चित्रपटाभ्यासाची केंद्रे आणि परीघ यांच्यातील ही विषमता सिद्धांतांच्या चर्चेत सहसा दिसत नाही, कारण सर्वांनी एकच चित्रपट पाहिला आहे असे तेथे धरून चाललेले असते.

यावरचा उपाय कारंज्याच्या पोथ्यांवर काम करणाऱ्यांनी नव्वद वर्षांपूर्वी घालून दिलेला आहे. प्रत कोठली, तिची पत्रे किती, कोठे खंडित, हे सांगितल्याखेरीज त्यांनी पाठाविषयी विधान केले नाही. चित्रपटावरील लेखनातही कोणती आवृत्ती पाहिली, तिची चौकट कोणत्या प्रमाणाची होती आणि प्रथम प्रदर्शनाच्या वेळचे प्रमाण काय होते, एवढे नोंदवणे कठीण नाही. प्रकाशकांनी हीच माहिती वेष्टणावर किंवा आरंभीच्या पाटीवर द्यावी, ही अपेक्षाही अवाजवी नाही. ‘हरिविजया’च्या बाबतीत कोणती गाथा कोणत्या ग्रंथातून आली हे तरी अभ्यासकाला ठाऊक असते, आणि त्यामुळे काय गमावले आहे याचा अंदाज बांधता येतो. कापलेले चित्र मात्र काच पूर्ण भरून असते. गळलेल्या पत्राची मोकळी जागा त्यात दिसत नाही, आणि म्हणूनच ती नोंद करण्याची गरज येथे पोथीपेक्षा अधिक आहे.